लेकीच्या दारातला वाफा

"ऊन म्हणजे ऊन" असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्याचा काही दोष नसतो, तो बिचारा उन्हाळ्याबद्दल बोलत असतो. पण मला केशवबप्पांचा वर केलेला तळहात दिसतो आणि पाठोपाठ माझ्या फोनमध्ये साठलेले मेलेल्या झाडांचे फोटो आठवतात. एवढी मेलेली झाडं मराठीच्या दुसऱ्या कुठल्याच शिक्षिकेच्या फोनमध्ये नसतील.

धारूरला आमच्या भिंतीला भिंत लागून बप्पांचं घर होतं. मी तिथल्या शाळेत होते आणि बप्पा बसस्थानकावरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. गाड्या पुकारण्यात आयुष्य गेलेलं. माणूस निवृत्त झाला तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते काकूंच्या आधी गल्लीला कळायचं. उंच, काटकुळे, अंगात पांढरा सदरा आणि नोकरीतून उरलेली खाकी पँट. फोन ते कानाला लावत नसत. हात लांब करून तोंडासमोर माइकसारखा धरायचे, ओरडायचे, आणि आपलं बोलून झालं की समोरच्याचं वाक्य अर्धं असतानाच बंद करायचे. गाडी सुटली की सुटली.

झाडांचं वेड नोकरीतलंच. स्टँडच्या पुढच्या अंगाला दिवसभर ऊन तापतं, सावली पडते ती फक्त उभ्या गाडीची. तिथं त्यांनी एक वाफा केला होता. मागं कण्हेर आणि बोगनवेल, मध्ये तगर, कडेनं सदाफुली. प्रवाशांच्या बाटल्यांतलं उरलेलं पाणी ते मागून घ्यायचे आणि वाफ्यात ओतायचे. लोक मात्र तिथंच चूळ भरायचे, पिचकाऱ्या मारायचे. एकदा केजच्या गाडीची घोषणा मध्येच तुटली आणि भोंग्यातून आवाज आला, "निळ्या सदऱ्याचे पाव्हणे, कण्हेरीवर थुकू नका. तुमची माय हीच फुलं देवाला वाहती." सगळं स्टँड वळून बघायला लागलं. निळ्या सदऱ्याचा माणूस गाडी सोडून बाजाराकडे पळाला. तो वाफा मी पाहिलाय, भर मे महिन्यातसुद्धा फुललेला असायचा. त्यामुळे उन्हातल्या झाडांबाबत आपल्याला कुणी शिकवू नये असं बप्पांना वाटायचं, आणि ते अगदीच खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. म्हणून तर जास्त वैताग यायचा.

त्यांना एकच लेक, शीतल. नवरा माधव केज तालुक्यातला, पण कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. आमच्याकडची कितीतरी पोरं अशी तिकडं मास्तर आहेत. सुरुवातीला बदलीची वाट बघतात, मग तिथंच घर बांधतात. माधवनंही रत्नागिरीच्या पुढं समुद्राकाठच्या एका गावात छोटंसं घर बांधलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. हे "म्हणे" बप्पांचं, कारण ते घर त्यांनी पाहिलं नव्हतं.

का पाहिलं नव्हतं ते सांगते. लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असा आमच्याकडे एक जुना नियम आहे. पुष्कळांनी तो कधीच गुंडाळून ठेवला. काहीजण हातावर रुपया ठेवून चहा घेतात आणि मोकळे होतात. बप्पांनी नियम म्हणजे नियम धरला. आणि शीतलच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली तरी तिला मूल नव्हतं. अंबाजोगाईचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. त्याबद्दल बप्पा कधी एक शब्द बोलत नसत. फक्त जात नसत. वास्तुशांतीलासुद्धा गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "जेवायचं न्हाई, पाणी प्यायचं न्हाई, मग मांडवाचा खांब म्हनून हुबं राहू का तिथं?"

"अहो, पण तुमची एकुलती एक मुलगी आहे."

"म्हनून तर आयराची पेटी पाठवलीय की."

काकू शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांचाही राग आला. कधीतरी एक शब्द बोलाल की नाही, बाई?

तर, घर झालं आणि शीतलनं दारासमोरच्या मोकळ्या पट्ट्याचा फोटो माझ्या फोनवर पाठवला, कारण बप्पांचा फोन बटनांचा. खाली लिहिलं होतं, "बप्पांना विचारा, इथं काय लावू? दिवसभर ऊन असतं." एवढंच. पण त्या एका ओळीनं बप्पांच्या अंगात जे वारं शिरलं ते शिरलं, आणि माझ्या घराचं पोस्ट ऑफिस झालं. शाळेतून येऊन मी चप्पल काढायच्या आत भिंतीपलीकडून हाक यायची, "बाई, काय आलंय का?"

बप्पांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. तळहात वर करून म्हणाले, "ऊन म्हणजे ऊन. धारूरच्या उन्हात जे टिकलं ते कुठं बी टिकतंय. तिथलं ऊन काय परदेशातून आलंय?" आणि घरामागची गावठी गुलाबाची, मोगऱ्याची आणि शेवंतीची रोपं काढायला घेतली. मुळ्यांना ओलं बारदान, वरून सुतळी. ते गाठोडं एसटीनं मांजरसुंब्याला जायचं, तिथल्या ढाब्यावर त्यांचा एक जुना दोस्त ते पुण्याच्या गाडीत चढवायचा, पुण्याहून कोणीतरी रत्नागिरीच्या गाडीत टाकायचं. राज्यातल्या निम्म्या चालकांना बप्पा नावानं ओळखत होते. एवढी माणसं मिळून एक मोगरा कोकणात पोचवत होती आणि ज्याला खरं जायला हवं होतं तो माणूस ओट्यावर बसून माझ्या फोनची वाट बघत होता.

पानं महिन्याभरात करपली. कडेकडेनं तपकिरी, वाळून कुरकुरीत. शीतलनं कळवलं की समुद्राकडून खारा वारा येतो, त्यानं असं होतं.

"वारा खारा कसा आसल?" बप्पा म्हणाले. "वाऱ्याला चव आसती व्हय?"

"बप्पा, घरासमोर समुद्र आहे."

"समुद्र पाण्याच्या जागी हाय. झाड जमिनीत हाय. त्याचा ह्याचा काय संबंध?"

मी फळ्यावर आकृती काढावी तसं अंगणात खडूनं काढून दाखवलं. हा समुद्र, हा वारा, हे मीठ. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "चित्र झकास काढता तुमी." झालं. पुढं काय बोलणार?

पण नंतर त्यांनी स्वतःहूनच गुलाबाचा नाद सोडला, हे मान्य करायला हवं. आता स्टँडचा वाफा पाठवायचा असं ठरलं. कण्हेर, बोगनवेल, तगर, सदाफुली. ही निवड मुळात चुकीची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. पण त्याच वेळी त्यांनी तो पट्ट्याचा फोटो परत एकदा मागितला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि दोष सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर पसरला. कोकणातली तांबडी, खडबडीत जमीन. जांभा दगड फोडून माधवनं खड्डे केले होते.

"ही माती हाय? बाई, ही वीट हाय, वीट! लेकरू विटंत झाडं लावायलंय आन् आपण इथं झाडाला नावं ठिवायलोत!"

धारूरपासून थोडं खाली बप्पांचं एक काळ्या मातीचं रान आहे. त्या मातीचं त्यांना अपार कौतुक. कुणीही पाहुणा आला की रानात नेऊन ढेकूळ हातात देणार, फोडायला लावणार, वास घ्यायला लावणार. माझ्या भावाला त्यांनी भर दुपारी उन्हात उभं करून वास घ्यायला लावला होता आणि तो बिचारा पुण्यात जाऊनही शिंकत होता. "हिच्यात वाळकी काडी रोवा, पालवी फुटंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता एवढी माती कोकणात न्यायची कशी? योगायोगानं गावातल्या एका मास्तराला तिकडं नोकरी लागली आणि त्याचा संसार टेम्पोनं निघाला. बप्पांनी त्यात कपाटाच्या आणि गाद्यांच्या मध्ये मातीची पोती कोंबली. मास्तराची बायको नको नको म्हणत होती. बप्पांनी तिला चार सूचना दिल्या, गाडी पुकारली आणि टेम्पो सोडला.

खड्डे काळ्या मातीनं गच्च भरले गेले. उन्हाळा होता, शीतल रोज पाणी घालत होती, आणि झाडं खरंच तरारली. बोगनवेलीला गुलाबी रंग चढला. तो फोटो आला त्या दिवशी बप्पा माझा फोन घेऊन स्टँडवर गेले ते तासभर आलेच नाहीत. चहावाल्यापासून चालकांपर्यंत सगळ्यांनी लेकीच्या दारातला वाफा पाहिला, आणि त्यासोबत माझे सासूबाईंशी झालेले मेसेजही पाहिले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली.

मग तिकडचा पाऊस लागला. आधी पानं पिवळी, मग माना खाली, मग एकेक झाड जाग्यावर बसलं. सदाफुली गेली, तगर गेली. शेवटी कण्हेर गेल्याचा फोटो आला तेव्हा मला ते भिंतीपलीकडे सांगायचं धाडस होईना.

"कण्हेर?" बप्पा ओट्यावरून उठलेच. "कण्हेर मरती? आवं, जनावर त्वांड लावत न्हाई तिला, दुष्काळात रस्त्याच्या मधी हुबी ऱ्हाती, आन् ती मरती कशी?" त्यांनी फोन लावला, हात लांब केला आणि गर्जना केली, "शीतल! जावईबापूला सांग, पाणी घालत जा म्हनावं!"

"बप्पा, इथं रात्रंदिवस पाऊस चाललाय," पलीकडून एवढं ऐकू आलं, तोवर गाडी सुटली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नवी कण्हेर, नवी बोगनवेल, उन्हाळ्यात पालवी, पावसाळ्यात चिखल. बप्पांनी प्रत्येकाला दोष देऊन पाहिला. गाठोडं उशिरा पोचवणारा चालक, जावई, मोबाइलचा टॉवर, कोकणातली गोगलगाय. मीही त्यात आले, कारण मी म्हणे फोटो नीट दाखवत नव्हते. शीतलचे फोटो हळूहळू कमी झाले. "काय लावू?" असं तिनं विचारणं बंद केलं. बप्पांनी मात्र पाठवणं बंद केलं नाही, आणि तिनंही कधी "आता पुरे" म्हटलं नाही. मला दोघांचाही संताप यायचा. बोलायचं एक असतं आणि बोलतात तगरीबद्दल.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीआधी माझा बांध फुटला. बप्पा पुन्हा बारदान भिजवत बसले होते. मी म्हटलं, "एकदा स्वतः जाऊन बघा ना! इथं बसून कोकणातली मुळं दिसणार आहेत का तुम्हाला?"

"जायला काय न्हाई. पण पाणी..."

"मग पाणी घेऊन जा सोबत!" मी ओरडले आणि दार आपटून घरात आले.

मी ते टाकून बोलले होते. बप्पांनी ते मनावर घेतलं. संध्याकाळी ते नवा वीस लिटरचा जार घेऊन आमच्या दारात हजर. चेहरा एकदम खूश. "बाई, तुमी लई डोक्याची गोष्ट सांगितली. कावून सुचलं न्हाई मला इतके दिवस?" आम्ही नवराबायको सुट्टीत कोकणात जाणार होतोच, गाडीत जागा होती. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

तर आमच्या गाडीच्या मागच्या बाजूला धारूरच्या पाण्यानं भरलेला जार, दशम्यांचं गाठोडं, शेंगदाण्याची चटणी आणि एक टिकाव, असं सामान लागलं. काकूंनी नवी साडी नेसली होती. वाटेत त्या एकदाही बोलल्या नाहीत. बप्पा मात्र प्रत्येक वळणावर माझ्या नवऱ्याला गियर सांगत होते.

शीतल फाटकातच उभी होती. वाळलेली वाटली. तिनं आईबापाच्या पायावर पाणी घातलं, आत नेलं आणि सवयीनं सगळ्यांसमोर पाण्याचे पेले ठेवले. मग तिच्या लक्षात आलं आणि दोन पेले उचलायला तिनं हात पुढं केला. त्याआधी काकूंनी त्यातला एक उचलला आणि एका दमात रिकामा केला.

बप्पा बघतच राहिले. "आगं!"

"तहान लागलती," काकू म्हणाल्या. "च्या बी टाक गं शीतल. साखर जरा जास्त."

एवढी वर्षं न बोललेली बाई अशी बोलली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बप्पा टिकाव घेऊन बाहेर गेले.

वाफा म्हणजे नुसत्या वाळक्या काड्यांची रांग होती. पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते, वरची जमीन तडकलेली होती. बप्पांनी कण्हेरीच्या बुडाशी टिकाव घातला. वीतभर खाली गेल्यावर माती ओली निघाली. आणखी खाली गेल्यावर नुसता लगदा, आणि त्याला कुजका वास. त्यांनी तो हातात घेतला, नाकाशी नेला. जन्मभर लोकांना ज्या मातीचा वास घ्यायला लावला तीच ही माती. दगडात कोरलेला खड्डा आणि त्यात चिकट काळी माती, म्हणजे चार महिन्यांचा पाऊस तिथं हौदासारखा साठून राहत होता. हे कुणी सांगायची गरज नव्हती. बप्पा काळ्या मातीतलेच होते. त्यांना हातात घेताक्षणी कळलं.

"माझ्याच मातीनं मारली," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटकापर्यंत पोचला नाही.

शीतल मागं उभी होती. म्हणाली, "शेजारच्यांनी पहिल्याच सालात सांगितलं होतं, ही काळी काढून टाका म्हणून."

"मग काढली कावून न्हाईस?"

"आपल्या रानातली होती," ती म्हणाली. "इथं आपल्या रानातलं दुसरं काय आहे माझ्याकडं?"

मला त्या क्षणी दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं. ही माती टाकवत नाही म्हणून झाडं मरू देणार, ते पाणी चालत नाही म्हणून झाडं पाठवत राहणार, आणि मध्ये कण्हेरीचा जीव जाणार. सांगितलं असतं तर? आले असते तर? पण त्या घराण्यात सरळ बोलायची पद्धतच नाही.

बप्पांनी रात्री पायरीवर बसून दशमी खाल्ली आणि जारमधलं पाणी प्याले. सकाळी मात्र ते वेगळेच माणूस होते. मला आणि शीतलला घेऊन गल्ली फिरायला निघाले. प्रत्येक कुंपणाशी थांबायचे, वाकून पानाच्या दोन्ही बाजू बघायचे. समुद्राकडची बाजू करपली असेल तर पुढं चालायचे. "वारा खाऊन बी जे हासायलंय, तेच घ्यायचं," असा नवा नियम निघाला. वाऱ्याला चव असते का, हे मी मुद्दाम विचारलं. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "हाय थोडी."

असा सगळा वाफा त्यांनी चालता चालता ठरवला. समुद्राच्या अंगाला निरगुडीची दाट रांग, म्हणजे पहिला वारा ती खाईल. तिच्या आडोशाला पुन्हा कण्हेर आणि बोगनवेल, कारण गल्लीत दोन्ही मजेत होत्या, त्यांचा काही गुन्हाच नव्हता. मध्ये लाल एक्झोरा आणि कोपऱ्यात पांढरा चाफा. पुढच्या रांगेत लिलीचे कांदे आणि सदाफुली. जास्वंद बघितली, पानं चाचपली, आणि "नाजूक हाय, मागच्या दारी लाव" म्हणून बाजूला ठेवली. गुलाबाकडे त्यांनी पाहिलंही नाही. शेजारच्या कुंपणांतून फांद्या मिळाल्या, बाकीची रोपं माधवनं रोपवाटिकेतून आणली.

काळी माती उपसताना बप्पांचा हात जड होत होता. सगळी टाकून द्या म्हणाले. शीतल नको म्हणाली. शेवटी काळी एक घमेलं तर तांबडी तीन घमेली, वर रेती आणि शेणखत, असा तह झाला. खड्ड्यांच्या तळाशी दगडाचे तुकडे घातले आणि उताराच्या बाजूनं पाणी जायला चर खणला. दिवसभर बप्पा उन्हात होते. विहिरीच्या मोटरला लावलेला पाइप घेऊन त्यांनी प्रत्येक रोपाला पाणी दिलं, बोटानं माती दाबली, पुन्हा पाणी दिलं. तहान लागली की गाडीशी जायचे, जार वाकवायचे, प्यायचे आणि परत यायचे. शीतल प्रत्येक वेळी दारातून बघत होती.

सूर्य समुद्रात टेकायला आला तेव्हा ते पुन्हा जारकडे निघाले आणि ती आडवी आली.

"बप्पा, तुमच्या झाडांना माझ्या घरचं पाणी चालतं. तुम्हाला चालत नाही?"

बप्पांनी पाइपकडे पाहिलं.

"झाडाला लेकरूबाळ विचारलं का तुम्ही?" तिचा आवाज चढला. त्यांचाच आवाज होता तो. "मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी सांगून झालंय. आईला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मग जन्मभर असं जार घेऊन येणार का माझ्या दारात? की यायचंच नाही?"

माधव चर नीट करत होता, तो तसाच वाकून राहिला. बप्पा गाडीशी गेले नाहीत, आतही आले नाहीत. हातपाय धुऊन पायरीवर बसले. काकूंनी आणून दिलेली दशमी त्यांनी परत पाठवली. माझी इतकी चिडचिड झाली की मला जेवण गेलं नाही. एवढ्या लांब येऊन, माती उपसून, सगळं कळूनही हा माणूस एक पेला उचलू शकत नव्हता. नवरा म्हणाला, तू कशाला मनाला लावून घेतेस. मी म्हटलं, माझ्या फोनला विचारा.

सकाळी आम्हाला पुढं निघायचं होतं. सामान भरताना बप्पा आले आणि म्हणाले, "तुमी व्हा पुढं. आमी आठ दिवस ऱ्हातो. नवी झाडं हायत, हिचा नवरा मास्तर, त्याला काय जमायचं न्हाई."

नवऱ्यानं गाडीतला जार काढायला घेतला. त्यात अजून निम्मं पाणी होतं.

"आसू द्या तिथंच," बप्पा म्हणाले. "धारूरला गेल्यावर स्टँडच्या वाफ्याला वता."

"अहो, मग तुम्ही आठ दिवस पिणार काय?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"निगा आता, ऊन हुईल," ते म्हणाले आणि त्यांनी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, स्टँडवर गाडी सोडताना मारायचे तशी. मी दार आपटूनच आत बसले. काय पिणार होते ते? समुद्र? नुसता हट्ट. त्या वेळी मी ठरवलं होतं की आता या माणसाशी बोलायचंच नाही. दिवाळीनंतर माझी अंबाजोगाईला बदली झाली आणि बोलायची फारशी वेळही आली नाही.

गल्लीच्या टोकाशी गाडी वळायला जरा थांबली, तेव्हा मी रागानंच मागं पाहिलं. बप्पा वाफ्यात उभे होते. हातात पाइप होता. त्यांनी निरगुडीला पाणी दिलं, कण्हेरीला दिलं. मग दाराकडे पाहिलं. दारात शीतल होती आणि तिच्या मागं काकू. काकूंनी शीतलचा दंड धरला आणि तिला पाठमोरं करून आत नेलं. दार मोकळं झाल्यावर बप्पांनी पाइप वर उचलला, ओंजळ धरली आणि वाकून पाणी प्यायला लागले. सदरा भिजला, खाकी पँट भिजली, तरी ते पीतच होते.